लाखेखालचं नाव

जगात जे जे उघडं आहे ते बंद करून त्यावर लाखेचं सील ठोकायलाच ब्रह्मदेवाने आमच्या मामेसासऱ्यांना देऊळगाव राजात धाडलं होतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मामा अवसायक होते, म्हणजे बुडालेल्या सहकारी सोसायटीचा गाशा गुंडाळणारा सरकारी माणूस. महाराष्ट्र नवा होता, सोसायट्या भराभर निघत होत्या, काही तितक्याच भराभर आडव्या होत होत्या. त्यामुळे मामांच्या पिशवीतल्या लाखेच्या कांडीला आणि पितळी शिक्क्याला विसावा म्हणून नव्हता. बरं, हे कचेरीपुरतं असतं तरी चाललं असतं! पण घरच्या लोणच्याच्या बरणीलाही सील. माझ्या लग्नात तर लाडवांच्या खोलीला सील ठोकून हे गृहस्थ पाहुणे आणायला एसटीने जालन्याला गेले. इकडे पंगत बसली, जिलबीवर भागवलं, पण सील तोडायची कुणाची छाती झाली नाही. संध्याकाळी परतल्यावर मलाच म्हणतात, "सील तोडणं म्हंजे गुन्हा असते, जवाई. लाडू काय पयून चालले होते?"

दुसरी खोड बोलण्याची. हो किंवा नाही एवढ्यावर उत्तर संपू शकतं, हेच त्यांना मान्य नव्हतं. "जेवलात का?" विचारलं, की वांगी कुठल्या बाजारातून आणली इथपासून सुरुवात. मामी कपाळाला हात लावून म्हणायच्या, "देव याईच्याच तोंडाले सील लावाले इसरला!" देव विसरला खरा, पण पुढे कोर्टाने आठवण ठेवली.

झालं असं, की चिखलीकडची एक तेलघाणी सोसायटी बुडाली. तिच्या चेअरमनने मामांना घरी नेऊन पितळी भांड्यांचा ढीग दाखवला आणि सांगितलं, "हे सारे सोसायटीचे. जेवणावळीसाठी घेतले होते." मामांनी भक्तिभावाने एकेका भांड्यावर लाख ओतली. भांडी घासलेली नव्हती, काळी पडली होती. बोटाला खडबडीत लागेल तिथे लाख चांगली धरते, हा त्यांचा जुना अनुभव. आठ दिवसांनी कळलं, की चेअरमनच्या बायकोने, शांताबाईने, बुलढाण्याच्या कोर्टात काडीमोडासाठी अर्ज केलाय आणि भांडी तिच्या आंदणाची आहेत. लिलावात गेली तरी बेहत्तर, पण तिला मिळू नयेत, हा त्या नवऱ्याचा कावा. काय म्हणावं अशा माणसाला! ती बाई माहेरी, अमडापूरला खानावळ काढणार होती. ना शेत, ना शिक्षण. दोन हात आणि ही भांडी, एवढाच तिचा आधार.

मामांचं जेवणच तुटलं. एक दिवस घरच्या तांब्यावर कासाराने ठोकलेलं मामींचं नाव त्यांच्या बोटाला खडबडीत लागलं आणि ते ताडकन उठले. "जवाई, तिचं नाव मीच बुजवलं हो! माह्या हातून पाप झालं." मी म्हटलं, "मग सील काढा की." तर माझ्यावरच उखडले, "कोर्टात गेलेल्या चीजेचं सील मी आपल्या मनानं काढू?" आणि त्यांनी कोर्टात अर्ज टाकला. न्यायाधीश कडक. त्यांनी बजावलं, "नवरा-बायकोच्या दाव्यात अवसायकाने भांड्यांपुरतं यावं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि परवानगीवाचून सीलला हात लावायचा नाही."

विचारल्याशिवाय बोलायचं नाही! मामांनी! तारखेला मी सोबत होतो. कंडक्टरने "बुलढाणा का?" विचारल्यावर मामा सराव म्हणून नुसतं "हाव" म्हणाले आणि कासावीस होऊन खिडकीबाहेर बघत राहिले.

कोर्टात नवऱ्याचा वकील गरजला, "सोसायटीचं सील ढळढळीत दिसतंय. बाईंचं नाव कुठे आहे?" शांताबाईने मान खाली घातली. मामांचा चेहरा लालबुंद झाला, त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला. मला त्यांची कीव आली, खरंच सांगतो. शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, "अवसायकांना काही सांगायचंय?" मामा उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "लाख काढू का, साहेब?"

"काढा."

त्यांनी चाकूने पहिल्या परातीवरची लाख उचकटली. वरची खपली निघाली, पण ठोकलेल्या टिंबांत लाख तशीच भरून राहिली होती. काळ्या पितळेवर लालभडक अक्षरं! मामा वाचू लागले, "चि. शांतास मामाकडून." मग पुढच्या भांड्यांवर थोरली मावशी, आत्या, काका... सगळ्या गोतावळ्याची नावं त्यांनी खणखणीत आवाजात वाचली. जे नाव त्यांनी बुजवलं होतं, ते त्यांच्याच लाखेने भर कोर्टात उजळलं. वकील मटकन खाली बसला. भांडी आजच्या आज बाईंना द्या, असा हुकूम झाला. शांताबाई मामांच्या पाया पडली. मामांनी तोंड उघडलं, थबकले आणि न्यायाधीशांना म्हणाले, "आता बोलू का?" न्यायाधीशही हसले. "बाहेर जाऊन हवं तेवढं बोला!" मग काय, बुलढाण्यापासून घरापर्यंत एसटीत दुसऱ्या कुणाला बोलायची सोय राहिली नाही.

खानावळ जोरात चालली. शांताबाईने सगळी भांडी चिंचेने लखलखीत घासली, फक्त त्या परातीतली लाल अक्षरं राखली.

मामा गेले, तेव्हा तेराव्याच्या गोडाच्या जेवणाला ती अमडापूरहून तीच परात घेऊन आली. आत लाडू, वर फडकं, फडक्याला सुतळी, आणि गाठीवर लाख. आम्ही सगळे तिच्याभोवती उभे राहिलो. सील तोडायची कुणाची छाती होईना. मामींनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "राहू द्या जरा वेळ. लाडू काय पयून चालले?"