सहेरीचा डबा

माझी झोप म्हणजे एक वैताग आहे. शेजारच्या घरात कुणी कूस बदलली तरी मी जागी होते, असं घरचे चिडवतात. तरी हौसेनं गारगोटीच्या नेत्रशिबिरात स्वयंसेवक म्हणून नाव दिलं, आणि शाळेच्या एका वर्गात आम्ही तिघींनी गाद्या टाकल्या. एक मलकापूरची शिवणकाम करणारी, एक जवळच्याच खेड्यातली शेतकरीण, आणि कानात कापूस कोंबलेली मी.

रमजान चालू होता. मलकापूरच्या बाईंचे रोजे होते. पहिल्या पहाटे त्यांनी दिवासुद्धा न लावता सहेरीचा डबा उघडला. पण चपात्यांची प्लास्टिकची पिशवी कुरकुरली, आणि माझी झोप उडाली ती उडालीच. सकाळी चहाला सगळ्यांसमोर मी म्हणाले, आमच्या खोलीत उंदीर झालाय वाटतं. सगळे हसले. त्याही हसल्या. कुणाला बोलतेय हे मला पक्कं ठाऊक होतं. लागावं म्हणूनच बोलले होते.

दुसऱ्या पहाटे कसलाच आवाज झाला नाही. मी गाढ झोपले, आणि उठल्यावर कौतुकानं तसं सांगितलंही.

दुपारी उकाड्यात पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालता घालता त्या बाई भिंतीला टेकल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. मी लगेच शहाणपण शिकवायला पुढे. रोजा धरायचा तर पहाटे पोटभर खायला नको का? त्यांनी पुढच्या पेशंटला खूण केली. शेतकरीणबाई मात्र माझ्याकडे वळल्या.

"डबा उघडलाच न्हाय की त्यांनी. तुमी जाग्या व्हशिला म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थेंबांची बाटली मी त्यांच्या हातातून घेतली आणि मुकाट्यानं काम करत राहिले. माफी मागायला जीभ रेटेना. समोर रांग आहे, अशी स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी रोजा सोडायची वेळ होत आली. त्यांनी खजूर आधी आम्हाला वाटले, पहिला माझ्याच हातावर ठेवला. मग हळूच विचारलं, "ताई, राती झोप लागली न्हवं तुमाला?"

टोमणा असता तर मी सोसला असता. पण त्या काळजीनंच विचारत होत्या.

लागली, म्हणाले मी. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. अजान झाली, आणि त्यांनी आदल्या रात्रीनंतरचा पहिला घास तोंडात घातला.