फोटोत सोडलेली जागा

त्यांचं खरं नाव स्टुडिओच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायच्या फंदात कोणी पडत नसे. गल्लीत सगळे त्यांना हनुवटीमास्तर म्हणत. स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला ते एकच गोष्ट सांगत, हनुवटी जरा खाली. ज्याची आधीच खाली असे त्यालाही सांगत. जन्म सगळा त्यातच गेला. त्यामुळे आसपासच्या पाकिटांत, कपाटांत आणि ओळखपत्रांवर मास्तरांनी टिपलेले जे चेहरे होते, ते सगळे नुकतीच कोणाची तरी बोलणी खाल्ल्यासारखे दिसत.

मास्तरांचं मत असं, की फोटो म्हणजे पुरावा आणि चित्र म्हणजे मत. आणि मतं त्यांना आवडत नसत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणत, बाजारातून काडेपेटी आणायची राहून जावी तसं. लोकांच्या खिशात फोनचे कॅमेरे आल्यापासून स्टुडिओत गर्दी अशी उरली नव्हती. ओळखपत्राचे फोटो तेवढे येत, कारण सरकारी कचेरीला अजून मागची भिंत पांढरीच लागत होती.

अशात ताई राहायला आली. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, दहा-अकरा वर्षांनी मोठी. लग्न तिनंही केलं नव्हतं, पण तिचं राहून गेलं नव्हतं, तिला सवड झाली नव्हती. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात ती चित्रं काढायची. पंप मधोमध कापला तर आत काय दिसेल, कुठला दट्ट्या कुठे बसतो, कुठला वायसर कशाच्या मागे लपतो, ते शाईनं काढून दाखवायचं. पुढे ते काम संगणकाकडे गेलं आणि ताई कोठारात वायसर मोजून द्यायला बसली. निवृत्तीनंतरही बरीच वर्षं ती तिथेच टिकली, पण अखेर कारखान्याची खोली सोडावी लागली, तेव्हा एक ट्रंक, चित्राची फळी आणि मान वाकवता येणारा दिवा घेऊन ती भावाच्या दारात उभी राहिली. मास्तरांनी ट्रंक आत घेतली.

घर अंधारं होतं. म्हणून ताईनं आपली फळी स्टुडिओतल्या बाकाशेजारी, खिडकीपाशी मांडली. गिऱ्हाइकाचा नंबर येईपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसे आणि हाताशी येईल त्या कागदावर काढत राही. मास्तर कानाडोळा करत. एकदा तिनं भिंतीवरचे नमुन्याचे फोटो निरखून सांगितलं, की सगळी माणसं सारखीच दिसतात. मास्तर म्हणाले, सगळ्यांची हनुवटी खाली आहे म्हणून तसं वाटतं. ताई म्हणाली, "मी तेच म्हणते आहे."

पुढचं सगळं घडलं ते कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्यामुळे. किल्लीवाला आणि त्याची बायको एका सकाळी जोडीनं आले. बायको दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायची, आणि त्या सवयीनं घरीही पुकारूनच बोलायची. त्यांच्या लेकीनं परगावी नवं घर घेतलं होतं, भिंतीवर लावायला आईवडिलांचा जोडीचा फोटो तिला हवा होता. घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. किल्लीवाला कॅमेऱ्यासमोर आला, की डोळे मिटायचा. मुद्दाम नव्हे, मिटायचेच. त्याच्या ओळखपत्रावरही तो झोपलेला होता, आणि एकदा बँकेतल्या माणसानं म्हणे त्याला प्रत्यक्षातही डोळे मिटून उभं राहायला सांगितलं होतं, ओळख पटावी म्हणून.

मास्तरांच्या अब्रूचा प्रश्न होता. त्यांनी आकडे मोजून पाहिले, न मोजता पाहिलं, दिवा बदलला, टिचकी वाजवली, बोलता बोलता बेसावध गाठून पाहिलं. किल्लीवाला मनापासून साथ देत होता आणि मनापासून डोळे मिटत होता. बायको मात्र हनुवटी खाली घेऊन खांबासारखी स्थिर बसली होती. शेवटी मास्तरांनी घाम पुसला आणि हे मशीनच्या ताकदीबाहेरचं काम आहे, असं जाहीर केलं.

तेवढ्यात ताईनं बाकावरून फोटो घालायचं एक पाकीट पुढे केलं. पाकिटाच्या मागच्या बाजूला किल्लीवाला होता. काळ्या शाईतला, टक्क उघड्या डोळ्यांचा. समोर बघत नव्हता तो, जरा डावीकडे बघत होता, आणि घरातली हरवलेली वस्तू समोरच सापडावी तसा त्याचा चेहरा झाला होता.

बायकोनं पाकीट जवळ घेतलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं. मग तिच्या मानानं फारच हळू आवाजात विचारलं, "हे कुठे बघताहेत?"

"तुमच्याकडे," ताई म्हणाली. "मास्तर दिवा नीट करायला वळले, की दर वेळी बघत होते. तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत होतात."

किल्लीवाला छताकडे बघू लागला. बायकोला हाच नवरा हवा होता. फोटोत मी आणि शेजारी हे असे, एवढंच तिचं म्हणणं. मास्तरांनी साफ नाही म्हटलं. अर्धा फोटो आणि अर्धं चित्र म्हणजे धड ना इकडे धड ना तिकडे, आणि मागे शिक्का मात्र आमच्या स्टुडिओचा. बायकोनं ऐकून घेतलं आणि कधी न्यायला येऊ ते विचारलं. दवाखान्यात तिनं असे पुष्कळ डॉक्टर पाहिले होते.

तेव्हा मास्तरांनी बायकोचा फोटो मोठा छापला आणि शेजारची जागा कोरी सोडली. पहिल्या कागदाला चकाकी होती. शाई त्यावर धरेना, किल्लीवाल्याचं कपाळ ओघळून मिशीत उतरलं. मग खरबरीत कागद आणला. ताईनं भिंग लावून काम सुरू केलं. सगळं सुरळीत चाललं होतं, पण तिनं किल्लीवाल्याचा हात बायकोच्या खांद्याकडे न्यायला घेतला आणि मास्तर अडले. हात खांद्यावर नव्हता, आपण स्वतः बघत होतो, असं त्यांनी सांगितलं. ताई म्हणाली, ठेवणार होता, तू हनुवटी म्हणालास आणि राहिला. बराच वाद झाला. अखेर हात खांद्याच्या किंचित वर राहिला, म्हणजे तडजोडीच्या उंचीवर. फोटोतल्या राखाडी खांद्यावर शाईची पाच बोटं अधांतरी थांबली, आणि कसं कोण जाणे, बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाऊ लागली.

फोटो पोचल्यावर लेकीचा घाबराघुबरा फोन आला. बाबांना चित्रात का टाकलं, त्यांना काही झालंय का आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय का? किल्लीवाल्याला स्वतः फोनवर येऊन आपण आहोत असं सांगावं लागलं.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. एका बाईला स्वतःचा फोटो आणि शेजारी नवरा काढून हवा होता. नवरा बाहेरच बाकावर बसला होता, पण तिला तो काढलेलाच बरा वाटत होता. एक कारकून आला, त्याला आपल्या शेजारी साहेब हवा होता, गुडघ्याएवढा. ताईनं दोघांचीही कामं केली. मात्र साहेबाला बघायला ती कारकुनाच्या कचेरीत जाऊन तासभर बसून आली, आणि साहेब जेवढा होता तेवढाच काढला. कारकून जरा हिरमुसला. तिचा नियम एकच, न पाहिलेलं काढायचं नाही. पंपसुद्धा उघडून बघितल्याशिवाय ती काढत नसे.

मास्तर फोटो काढत, जागा सोडत आणि कुरकुरत. पण ते आता जागा नीट सोडू लागले होते. येणारं माणूस कोणाच्या बाजूला झुकतं ते बघून त्या बाजूला. हनुवटीचं त्यांच्या तोंडून अधूनमधून राहूनही जाऊ लागलं.

मग एक दिवस बेकरीवाला आला. आडदांड माणूस, कोपरापर्यंत पीठ. त्याची आई त्याच्या जन्मानंतर लगेच गेली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता. तिला आपल्या शेजारी काढून द्या, एवढंच तो म्हणाला. नाक माझ्यासारखं होतं, असं ऐकलंय, ही त्याची माहिती. ताईनं पेन खाली ठेवलं आणि जमणार नाही म्हणून सांगितलं.

मास्तर मध्ये पडले. त्यांचं त्यांनाही नवल वाटलं असेल. तिला बाजूला घेऊन ते म्हणाले, "काढून दे ना. कोणाची तरी आई काढ. त्याला काय कळणार आहे?"

"त्याला कळणार नाही, म्हणूनच नाही," ताई म्हणाली.

बेकरीवाल्यानं कोपरावरचं पीठ झटकलं. मग त्यानं विचारलं, की तेवढी जागा सोडून फोटो मिळेल का. मास्तरांनी तो काढून दिला. एका कडेला बेकरीवाला, उरलेला कागद पांढरा. तो त्यानं भट्टीपासून लांबच्या भिंतीवर लावला. पाव घ्यायला येणारे विचारत, हे असं अर्धवट का? तो सांगे, तिथे आई आहे. लोक मान डोलावून सुटे पैसे शोधू लागत.

त्यानंतर मास्तर गप्प झाले. तसे ते बोलके कधीच नव्हते, त्यामुळे फरक फक्त ताईला कळला. त्यांची आई तापानं गेली तेव्हा मास्तर रांगत होते. तिचाही फोटो नव्हता. त्यांना जेवू घातलं, शाळेत पोचवलं, मारलं आणि पहिला कॅमेरा घेऊन दिला तो ताईनं. आईचा विषय घरात कधी निघाला नव्हता. निघायला काही कारणच पडलं नव्हतं.

स्टुडिओ झाडता झाडता त्यांनी एकदा म्हटलं, "आपली तू पाहिली होतीस."

"कोण?"

"आई."

"रोज पाहत होते," ताई म्हणाली.

मास्तरांनी केर एका कोपऱ्यात नेला, तिथून दुसऱ्या कोपऱ्यात नेला. मग म्हणाले, इतकी वर्षं कधी काढली नाहीस ती?

"तू मागितली नाहीस. तुला पुरावा लागतो. माझ्याकडे आईबद्दल मत आहे फक्त."

मास्तरांनी केर भरला आणि आपल्याला ते चालेल असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दार लोटून घेतलं. दोन स्टुलं मांडली, मध्ये माणूसभर जागा ठेवली, कॅमेरा आपोआप चालेलसा लावला आणि धावत येऊन बसले. पहिल्या फोटोत ते बसायच्या बेतातच आहेत. नंतरचा बरा आला. दोन म्हातारी माणसं, दोघांची कानांची ठेवण एकच, मध्ये पांढरं.

ते पांढरं भरायला ताईनं फार दिवस घेतले. गिऱ्हाइकांना परत पाठवलं. वेगळ्या कागदांवर आधी काढून पाहिलं आणि ते सगळे फाडले. आईचे हात आठवत होते, पण कपाळ कुठे संपून केस कुठे सुरू होतात ते धड आठवेना. त्यापायी ती एकदा जेवली नाही. मास्तर विचारत नव्हते. सकाळी शाईची बाटली भरून ठेवत आणि आपल्या कामाला लागत.

काम झालं तेव्हा तिनं फळी त्यांच्याकडे फिरवली. मध्ये एक मुलगी उभी होती. बाह्या वर सारलेल्या, ओले हात अंगापासून जरा लांब धरलेले, दोन कामांच्या मध्ये कोणी हाक मारावी तशी मान वळवलेली. दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांची दोन मुलं गंभीर होऊन बसलेली.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. "ही माझ्याहून लहान आहे," ते म्हणाले.

"तिशीसुद्धा नव्हती," ताई म्हणाली. "मला तेव्हा फार मोठी वाटायची."

मास्तर स्टुलावर बसले. बाहेर ओळखपत्राच्या फोटोसाठी कोणीतरी दार वाजवत होतं, ते वाजवून वाजवून निघून गेलं. मास्तरांचं नाक लाल झालं होतं. ताईनं त्यांच्याकडे न बघता निबं धुतली आणि एकेक पुसून डबीत ठेवली.

चित्र त्यांनी स्टुडिओत लावलं नाही. घरी नेलं, आणि अंधाऱ्या घरात उजेडाची एकच भिंत होती तिथे ठोकलं. किल्लीवाल्याची बायको येऊन बघून गेली आणि ही मधली कोणाची मुलगी म्हणून तिनं पुकारून विचारलं. "आमच्या मातोश्री," मास्तरांनी सांगितलं.

नंतर एका संध्याकाळी चहा घेताना मास्तर बराच वेळ तिकडे बघत होते. ते म्हणाले, की आई जराशी वैतागलेली दिसते.

"वैतागलेलीच होती," ताई म्हणाली. "तू सकाळपासून रडत होतास."

"कशाला?"

"दात येत होते."

मास्तरांनी त्यावर थोडा विचार केला. मग म्हणाले, कारण तसं योग्य होतं, आणि कपात उरलेला चहा प्यायले.