जहांगीरमिस्त्रीचं नाक

लातुरात औसा रोडला गाडी उभी करून कुणालाही विचारलं असतं, की पेट्रोलचा वास येतोय, कुठं दाखवू, तर बोट एकाच पत्र्याच्या शेडकडं गेलं असतं. बाकीचे मिस्त्री आधी पाने काढायचे, जहांगीरमिस्त्री आधी नाक लावायचा. बॉनेट उचलून डोळे मिटून वाकायचा, दोन श्वास घ्यायचा, की झालं निदान. "टाकीच्या नळीला चीर हाय." खोलून बघावं तर चीर तिथंच. टपरीवरची माणसं चहाचा कप हातात घेऊन बघायला यायची.

ही भूकंपाआधीची गोष्ट. त्र्याण्णव साली गणपती बुडवले त्या रात्री तो औशाकडच्या एका खेड्यात होता. जीप दुरुस्त करायला गेला, उशीर झाला, मालकानं आग्रहानं ठेवून घेतलं. पहाटे भूकंपात माळवदाचं मातीचं छत खाली बसलं. मालकाचं सगळं घर गेलं. जहांगीरला दुपारी ओढून काढला, तेव्हा डोक्याला मागून लाकडी तुळई लागलेली होती. लोक म्हणाले, नशिबाचा लई थोर.

दोन महिन्यांनी शेडमध्ये आला आणि पेट्रोलात भिजलेलं फडकं सवयीनं नाकाला लावलं. साधं पाण्यातलं फडकं वाटलं. घरी कांदा करपला तरी कळेना. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार बसला की होतं असं. वास परत येईल, नाही तर नाही येणार. नाहीच आला.

आता मला सांगा, डोळे गेलेल्याला लोक रस्ता तरी ओलांडून देतात. नाक गेलेल्या मिस्त्रीला काय देतील? हसतील आणि पुढच्या शेडला जातील. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. यानं ती अकरा वर्षं झाकली. ठाऊक होतं ते एकट्या बायकोला, जन्नतबीला. ती दुपारी डबा घेऊन यायची. वासाची गाडी आली असली की बॉनेट तिच्यासाठी उघडंच असायचं. डबा ठेवता ठेवता ती हळूच म्हणायची, "डाव्या अंगाला हाय," नाही तर, "गेला." मग हा गिऱ्हाइकासमोर वाकून हुंगायचं सोंग करायचा. सोंग खरं, पण काम चोख. जोडांवर खडूची पूड मारून ओल बघायची, धुळीत कुठं स्वच्छ रेघ उतरलीय ते शोधायचं, हे सगळं तो नव्यानं शिकला होता. शेवटचा शब्द मात्र जन्नतबीचा.

दोन हजार चारचा मे महिना. कोचिंगनं गाव फुगलं होतं. लोहा, उमरी, बिलोलीकडची पोरं एकेका खोलीत चार-चार राहून घोकत होती. त्यांना केमिस्ट्री शिकवणारे रेणुकादास सर कॉलेजची नोकरी सोडून स्वतःचे क्लास चालवायचे. क्लासच्या कमाईवरच त्यांनी एक जुनी मारुती घेतली होती. त्यांच्याच मुलीचा, मालविकाचा, प्रवेशपरीक्षेचा नंबर नांदेडला आला होता. आदल्या दिवशी दुपारी सर गाडी घेऊन आले.

"मिस्त्री, महिना झाला वास येतोय, क्लासपायी सवडच झाली नाही. उद्या पोरीला घेऊन जायचंय. दोन वर्षं घासलीय तिनं. तुम्ही हुंगून दिली की मला घोर नाही."

आणि जन्नतबी नेमकी बिलोलीला, लेकीच्या बाळंतपणाला गेलेली.

जहांगीरनं गाडी बघितली. कार्बोरेटरची नळी भेगाळली होती. ती बदलली, क्लिप आवळली, पूड मारून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं. पूड कोरडी. पण घरात चोर एकच असतो असं कुणी सांगितलं? इंजिनला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपाचा रबरी पडदा म्हातारा झाला की उभ्या गाडीत गुमान बसतो, आणि रस्त्यावर इंजिन तापलं की गळतो. मागं राहतो तो थोडासा वास. तो पकडायला नाकच लागतं, आणि हे जहांगीरला चांगलं ठाऊक होतं.

"सर, आत बसून बघा, वास येतो का."

सर काचा वर करून बसले. "नाही. गेला."

महिनाभर त्याच वासात बसलेला माणूस. त्याला काय कळणार? जहांगीर स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायचा, नाकाला सवय लागते, आधी अर्धा तास बाहेर वारा खाऊन या. समोर दहा पावलांवर पंचाक्षरी टायरची पंक्चर काढत बसला होता. "पंचाक्षरी, जरा हुंगून बघ," एवढंच म्हणायचं होतं. पण जहांगीरमिस्त्रीनं हुंगायला दुसऱ्याला बोलावलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या औसा रोडला कळणार. तोंडापर्यंत आलेलं नाव त्यानं गिळलं. बॉनेटवर वाकला, डोळे मिटले, दोन श्वास घेतले.

"न्या बिनघोर."

राग येतो मला या माणसाचा. दहा पावलं होती हो.

दुसऱ्या दिवशी लोह्याच्या पुढं गाडीनं पेट घेतला. पंचाक्षरीच्या फोनवर निरोप आला तसा जहांगीर हातही न धुता एसटीत बसला. नांदेडच्या दवाखान्यात सर बाहेर बाकावर होते, शर्टाची एक बाही जळालेली. पोरगी गाडीतून सुखरूप उतरली होती. पण हॉलतिकीट आतच राहिलं, म्हणून तिनं परत हात घातला. उजवा हात. डॉक्टर बोटांबद्दल काही बोलत नव्हते.

जहांगीरला बघून सर उठले, त्याचा हात धरला.

"मिस्त्री, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चूक माझी. निघतानाच ती म्हणाली, बाबा, वास येतोय. अहमदपूरला परत म्हणाली. मी खेकसलो तिच्यावर. म्हटलं, जहांगीरमिस्त्रीनं हुंगून दिलीय, तुझं नाक त्याच्यापेक्षा शहाणं का? परीक्षेच्या भीतीनं नाटकं करतेस. मग बसली गप्प."

मागायच्या आत माफी मिळाली होती. मान हलवून निघून आला असता, तर मूठ मरेपर्यंत झाकलेली राहिली असती. जहांगीरचे पाय मात्र हलेनात.

"सर, मला वास येत न्हाई," तो म्हणाला. "भूकंपापासून येत न्हाई."

सरांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी धरलेला हात सोडला.

"मग काल वाकून काय करत होता तुम्ही?"

"इज्जत राखत होतो."

सर खाली बसले. आतून मालविकानं बारीक आवाजात विचारलं, "बाबा, कोण आलंय?"

सरांनी जहांगीरकडं बघितलं.

"कोणी नाही," ते म्हणाले.