बैसाणे बाई दारात का उभ्या होत्या

नरडाण्याला माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, रेशनकार्ड, दाखले, पीकविमा, काय हवं ते काढून देतो. पण वर्षभर सगळ्यात जास्त कोण येतं म्हणाल, तर मास्तर लोक. दुपारी अडीचला, जेव्हा मास्तरने फळ्यासमोर असायला हवं, तेव्हा तो माझ्या दुकानात स्टुलावर बसून 'सर्व्हर चालू झाला का रे, नवीन?' असं विचारत असतो. आधी मला त्यांचाच राग यायचा. फुकटचा पगार खातात, असं मीही चारचौघांत बोललेलो आहे. बैसाणे बाईंची ओळख झाली आणि माझा राग हलला. गेला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला.

मंदाबाई बैसाणे माझ्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतात. नरडाण्यापासून सात किलोमीटर. पहिली ते चौथी, दोन खोल्या, पट बावीस. वय बावन्न, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. रोज धुळ्याहून बसने नरडाण्याला येतात आणि इथे ठेवलेल्या स्कुटीवरून पुढे जातात. मुख्याध्यापिकाही त्याच. पहिली-दुसरी त्यांच्याकडे आणि तिसरी-चौथी ज्ञानेश्वर सरांकडे. हा ज्ञानेश्वर सावद्याच्या केळीवाल्या घरातला, नुकता लागलेला शिक्षणसेवक. हुशार पोरगा. कॉम्प्युटरवर त्याचा हात माझ्यापेक्षा जलद चालतो, हे मी दुकानदार असूनही कबूल करतो.

एक कबुली आणखी देऊन टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. माझा स्वतःचा मुलगा या शाळेत नाही. तो पिवळ्या बसने इंग्लिश मीडियमला जातो. शाळेचा पट पन्नासवरून बावीसवर आला त्यात एक पोर माझंही आहे. बाईंनी मला हे कधीही बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी बाई दुकानात आल्या आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. पोर्टलवर शाळेच्या यादीत अठरा नावं हिरवी आणि चार लाल. लाल म्हणजे आधार जुळत नाही. वरून फर्मान असं, की तीस सप्टेंबरला जेवढी नावं हिरवी, तेवढीच पोरं शाळेत आहेत असं धरलं जाईल. हिरवी नावं वीसच्या खाली गेली तर शाळेला एकच शिक्षक.

"म्हणजे चार पोरं रोज वर्गात बसतात, खिचडी खातात, पाढे म्हणतात, आणि ती नाहीतच?" मी विचारलं.

"ती आहेत हो. त्यांचं आधार नाही म्हणतंय," बाई म्हणाल्या. "आणि नवीनभाऊ, चूक माझीच आहे."

ती चूक काय होती, ते ऐका. आपल्याकडे जुनी रीत आहे. पोराला शाळेत घालताना बापाला जन्मतारीख माहीत नसली, की मास्तर सरळ एक जून लिहून मोकळे. शाळा जूनमध्ये उघडते, हिशोबाला सोपं. खानदेशातली निम्मी पिकली माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. त्या दिवशी आमच्या गावच्या ग्रुपवर एवढे केक येतात की मोबाइल तापतो. खुद्द बाई एक जूनच्या. त्यांच्या गुरुजींनी त्यांना लिहिली, आणि त्यांनी भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लवस्तीतल्या या चार पोरांना. इकडे आधारच्या शिबिरात बसलेल्या माणसाने आपली सोय पाहून चौघांना एक जानेवारी ठोकून दिली होती. दोन्ही तारखा खोट्या, आणि दोन खोट्या एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून खरं पोर रद्द!

"करा ना पोर्टलवर एक जानेवारी. दोन मिनिटांचं काम," मी म्हणालो. इतर शाळांची अशी कामं मी केलेली होती, खोटं कशाला बोलू?

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी शर्टाचं वरचं बटण लावलं. "एकदा आळसाने खोटं लिहिलं, ते निस्तरतेय. आता परत खोटंच लिहू? उद्या दहावीला, नोकरीला, जन्मभर हीच तारीख त्यांच्या मागे लागणार."

"आणि नाही जमलं तर? एक शिक्षक जाईल. होऊन होऊन काय होईल?"

"काय होईल? चार वर्ग आणि मी एकटी. एका वर्गाला शिकवताना बाकीच्या तिघांना मला रोज काय सांगावं लागेल माहितीये? 'गुपचूप बसा.' पहिलीतल्या लेकराला वर्षभर गुपचूप बसा हा एकच धडा. मग तेच लेकरू चौथीत वाचता येत नाही म्हणून तपासणीत माझ्या नावाने लाल शेरा."

झालं. त्या दिवसापासून बाईंनी पदर खोचला. आधी खऱ्या तारखा शोधायच्या होत्या. चारही पोरं घरी किंवा वीटभट्टीवर जन्मलेली, दवाखान्याचा कागद कुणाकडेच नाही. बाई गावातल्या आशा सेविका कुंदाबाईंकडे गेल्या. कुंदाबाईंनी पत्र्याच्या पेटीतून जुन्या वह्या काढल्या आणि ठणकावून सांगितलं, "मनी वहीमा बठ्ठं शे. कोन कोठे जलमनं, कवय जलमनं, बठ्ठं. पन माले कोनी इचारंच नही!"

खरंच शे! वहीत सगळं होतं. दर पोराची तारीख, वार, वजन, पहिला डोस. तिसरीतली दिपमाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मली होती. त्या वेळी कुंदाबाईंनी ग्रामपंचायतीत नोंदीही दिल्या होत्या. नोंदी तिथल्या जन्म रजिस्टरात गुण्यागोविंदाने पडून होत्या. ज्या सरकारच्या एका कपाटात पोराचा जन्म लिहिलेला आहे, तेच सरकार दुसऱ्या कपाटापाशी उभं राहून मास्तरीणबाईला विचारतं, की हे पोर आहे कशावरून! बाईंनी ग्रामसेवकाच्या मागे लागून चार दाखले मिळवले. त्याला तीन आठवडे गेले, कारण ग्रामसेवकाकडे तीन गावं, आणि आमच्या गावचा वार नेमका त्याच्या मीटिंगचा वार.

आता आधारवर तारीख बदलायची, तर पोरं आणि आईबाप धुळ्याच्या केंद्रावर न्यायला हवेत. दिपमालाचा बाप तोताराम निंदणीचं काम टाकून यायला तयार झाला. "आम्ही अडाणी मानसं, बाई. तुम्ही सांगशात तठे अंगठा देसुत," एवढंच त्याचं म्हणणं. बाईंनी हालचाल रजिस्टरात स्वच्छ अक्षरात नोंद केली : 'विद्यार्थ्यांच्या आधार दुरुस्तीसाठी धुळे येथे.' ज्ञानेश्वर सरांवर शाळा सोपवली आणि चार पोरं, चार पालक घेऊन सकाळच्या बसने धुळ्याला गेल्या.

तिथे सकाळी दहा वाजता टोकन मिळालं, नंबर लागला सव्वातीनला. दिपमालाचे ठसेच उमटेनात. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर मिरच्या तोडून तिच्या बोटांची सालं गेली होती. केंद्रावरचा माणूस म्हणाला, पुढच्या महिन्यात आणा. बाई म्हणाल्या, "तीस तारखेनंतर ही नसेल." त्यांनी नळावर नेऊन पोरीचे हात धुतले, कुणाच्या तरी पिशवीतलं खोबरेल मागून बोटांना चोळलं, पदराने पुसलं. चौथ्या खेपेला ठसे उमटले. तोतारामने मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या लेकीपेक्षा बाईंचंच कौतुक त्याला जास्त होतं.

आणि नेमक्या त्याच दिवशी शाळेत तालुक्याहून अचानक भेट झाली. भेट देणारे साहेब अकरा मिनिटं थांबले. ज्ञानेश्वर सर शिकवत होते, अठरा पोरं पाटीवर गणितं सोडवत होती. हालचाल रजिस्टर टेबलावर होतं. ते उघडायला साहेबांना वेळ मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी बाईंना कारणे दाखवा नोटीस : 'मुख्याध्यापिका शाळेत आढळून आल्या नाहीत. आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये?'

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आधार करा म्हणून ज्या कचेरीने रोज दोन मेसेज पाठवले, तिनेच आधार करायला का गेलात म्हणून नोटीस काढली! आधार करा हा आदेश आणि ही नोटीस, दोन्ही कागद मीच प्रिंट केले. एकाच सहीचे. मी तर त्या दिवशी दुकानात एवढा बोललो की शेजारचा कटलरीवाला बाहेर येऊन उभा राहिला. बाईंनी मात्र शांतपणे रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स जोडून उत्तर दिलं.

एकोणतीस सप्टेंबरला दुपारी चारही नावं हिरवी झाली. बावीसपैकी बावीस. ज्ञानेश्वर सर मोटारसायकलवर पेढे घेऊन आले. बाईंनी पेढा हातात धरला आणि स्टुलावर बसून घटकाभर नुसत्या हसत राहिल्या. मला वाटलं, जिंकलो बुवा.

ऑक्टोबरमध्ये शिक्षण परिषद झाली. पडद्यावर 'शिक्षकांचे सक्षमीकरण' असं काहीतरी मोठ्या अक्षरात होतं. शंभर टक्के आधार करणारी शाळा म्हणून बाईंचा आणि ज्ञानेश्वर सरांचा सत्कार झाला, गुलाबाचं फूल आणि प्रमाणपत्र. फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. आपल्या खात्याला मदत म्हटलं की फूल आठवतं. खडू, माणूस, मोकळा वेळ यातलं काही मागा, मग बघा.

आणि दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच आदेश आला. ज्ञानेश्वर सरांनीच तो मला प्रिंट काढायला पाठवला. वाचून माझं डोकं सणकलं. सरांची पुढील आदेशापर्यंत तालुक्याच्या कचेरीत प्रतिनियुक्ती. कारण, आधार दुरुस्तीच्या कामातला त्यांचा अनुभव. तालुक्यातली उरलेली लाल नावं आता त्यांनी कचेरीत बसून हिरवी करायची होती.

मी दुकान बंद करून बाईंबरोबर कचेरीत गेलो. आत साहेब चहा पीत होते.

"साहेब, दुसरा शिक्षक राहावा म्हणूनच आम्ही हे सगळं केलं," बाई म्हणाल्या. "त्यालाच तुम्ही नेताय."

"मॅडम, गैरसमज करून घेऊ नका," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "पद तुमच्याच शाळेवर आहे. कागदावर तुम्ही दोघंच आहात."

"कागदाला दुसरीचे पाढे घेता येत नाहीत, साहेब."

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला. अशा माणसाशी मी दोन हात केले असते, पण बाईंनी मला मनगटाला धरून बाहेर आणलं. ज्ञानेश्वर सर बाहेर व्हरांड्यात खाली मान घालून उभे होते. "बाई, मी काय करू? नाही म्हटलं तर सेवा कायम होणार नाही," एवढंच म्हणाले. बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या पोराचा काय दोष?

तेव्हापासून गावात जाता-येता मी शाळेकडे पाहतो. दोन खोल्यांच्या मध्ये एक दार आहे. बाईंनी ते सताड उघडून खाली वीट लावली आहे. त्या उंबऱ्यावर बाई उभ्या असतात, साडेदहा ते पाच. डावीकडे वळून पहिली-दुसरी, उजवीकडे वळून तिसरी-चौथी. एकीकडे बाराखडी, दुसरीकडे भागाकार. खुर्ची तिथे मावत नाही, आणि कोणत्याही एका खोलीत खुर्ची टाकली की दुसरी खोली दिसत नाही. एकदा मी ऐकत थांबलो. अर्ध्या तासात त्यांच्या तोंडून 'गुपचूप बसा' एकदाही आलं नाही. दिपमाला मोठ्याने धडा वाचत होती आणि अलीकडच्या खोलीतली पहिलीची पोरं तोंड उघडं टाकून तिचं ऐकत होती.

जानेवारीत पुन्हा अचानक भेट झाली. साहेब दुसरे, नोटीस तशीच. बाई संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती घेऊन दुकानात आल्या. मी वाचली. 'भेटीच्या वेळी शिक्षिका अध्यापन करताना कोणत्याही वर्गात आढळल्या नाहीत. त्या दारात उभ्या असल्याचे दिसून आले. याबाबत तीन दिवसांत खुलासा करावा.'

मी शिवी दिली. बाईंसमोर दिली आणि त्याचा मला पस्तावा नाही.

"टाईप कर," बाई म्हणाल्या. मी कीबोर्ड पुढे ओढला. मला वाटलं, आता आदेश, तारखा, जावक क्रमांक, चार पानं होणार. त्यांनी एकच वाक्य सांगितलं.

"वर्ग दोन खोल्यांत आहेत आणि शिक्षिका एक आहे, म्हणून मी दारात उभी होते."

"आणि?"

"आणि काही नाही. खाली नाव टाक."

मी दोन प्रती काढायला दिल्या. प्रिंटर जुना आहे, त्याला वेळ लागतो. बाई टेबलाला टेकून उभ्याच होत्या. मी स्टूल पुसून पुढे केलं.

"बसा ना, बाई."

"नको रे," त्या म्हणाल्या. "बसायची सवय मोडलीय."