पेपरात छापून आलेलं माझं नाव
ताज्या पेपरच्या शाईचा वास आला की अजूनही मला माझा एक जुना सामना आठवतो. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी नाशिकला कॉलेजात बास्केटबॉल खेळायचे आणि चांदवडला घरी कुणालाच ते ठाऊक नव्हतं. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी पेपरात छापून आलं की समोरच्या कॉलेजची सेंटरला खेळणारी उंच मुलगी डावीकडून घुसते आणि तिला अडवायचं काम माझ्याकडे आहे. माझं नाव, गावासकट! वडील रोज चहाच्या हॉटेलात सगळ्यांना मोठ्यानं पेपर वाचून दाखवायचे. हाफपँटीत खेळणारी आपली पोरगी त्यांना चारचौघांत कळणार, मग कॉलेज बंद, या धास्तीनं मी रात्रभर जागीच होते. सकाळी ते खरंच होस्टेलच्या फाटकाशी उभे होते, हातात तोच पेपर. त्यांनी घडी उलगडली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, “ती लय उंच हाय म्हणे. डावीकडून येऊ देऊ नको तिला.” मी कसंबसं म्हटलं, “नाना, थांबा ना, सामना बघून जा.” “नाय बाई, बघताना मला भ्या वाटतं,” म्हणत ते एसटी पकडायला निघालेसुद्धा. परवा नातीचा सामना होता. मी ग्राउंडपर्यंत गेले आणि फाटकाबाहेरच उभी राहिले.