पोरटी

आपल्या सहा महिन्यांच्या मुलाशी ती पूर्ण वाक्यांत बोलायची. बोबडं नाही, लाडिक नाही; मोठ्या माणसाला सांगावं तसं. "आता डोक्यावर पानी घालनार हाय, डोळे मीट." "सुई टोचायला चाललोय. दुखनार हाय. थोडं रडलास तरी चालंल." भिंगारच्या आमच्या गल्लीत या बोलण्याची फार करमणूक व्हायची. वय एकोणीस, अंगाने काडी, कडेवर मूल, आणि जिना उतरायची ती एकेक पायरी गाळत. तिला सगळे 'पोरटी' म्हणत. मीही म्हणायचो. पोरीलाच पोर झालंय, त्या मुलाचं काय होणार, असं मी माझ्या बायकोजवळ, माधवीजवळ, चारदा तरी बोललो असेन. माधवीला तेव्हा सातवा महिना होता. ती म्हणायची, "मूल गुटगुटीत आहे की. अजून काय हवं?"

पोरटी आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. नवरा लष्करात जवान. लग्न झालं तेव्हा तो इथे छावणीत होता. मग त्याची बदली वर सीमेकडे झाली आणि ही मुलासकट मागे राहिली. सासर तिसगावचं. सासू महिन्यातून एकदा एसटीने येऊन बाजरीचं पीठ ठेवून जायची. नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला की रेंज मिळवायला ही गच्चीच्या कठड्याशी उभी राही. चित्र बहुधा मध्येच थिजायचं. मग मुलाला विचारी, "दिसतायत का पप्पा? न्हाई? मला बी न्हाई." आणि खाली येऊन धुणं वाळत घाली.

माधवीला मुलगी झाली. नवव्या दिवशी ताप चढला. उपचार झाले, पण तीन दिवसांत ती गेली. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवणारा माणूस; घरात आता मी आणि बारा दिवसांची मुलगी. पुण्याहून माझी थोरली बहीण, अक्का, आली. तिने सगळं हातात घेतलं आणि तिसऱ्या आठवड्यात निकाल दिला. "पुरुषाच्या हातून तान्हं मूल वाढत नाही. मी घेऊन जाते. तू सुट्टीत येत जा." सगळ्यांनाच ते पटलं. मलाही. मी मुलीची झबली पिशवीत भरली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी अक्का बाजारात गेली होती. मुलगी रडायची थांबेना. बाटली तोंडाला लावली की मान फिरवायची. मी तिला घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होतो. दारात पोरटी उभी राहिली.

"सर, तिला पेपरच्या गठ्ठ्यासारखी धरू नका. मान संभाळा."

मी मुलगी तिच्याकडे दिली. तिने बोट चोखायला दिलं, पोटाला हात लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भुकेली हाय. मला दूध हाय. पाजू का? तुमी सांगा."

आमच्या घरात दुसऱ्यांच्या हातचं पाणीसुद्धा विचार करून घेतलं जायचं, त्या घरातला मी. "पाज," म्हणालो आणि गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिलो. रडणं थांबलं. आतून तिचा आवाज आला, नेहमीसारखाच, सरळ. "हे बघ, मी तुझी आई न्हाई. तुझी आई गेली. मी वरच्या खोलीतली हाय. पन दूध चांगलं हाय. पी."

इतके दिवस घरात येणारा प्रत्येकजण आडून बोलत होता. 'आई गेली' हे माझ्या मुलीला कोणी सांगितलंच नव्हतं. कठडा धरून मी त्या दुपारी पहिल्यांदा रडलो.

मुलगी झोपल्यावर पोरटीने कोपऱ्यातल्या पिशवीकडे पाहिलं. "कुठं चालली ही?" मी सांगितलं. ती म्हणाली, "का? तुमी हायसा की."

"मला काही येत नाही ग."

"मला तरी कुठं येत हुतं? सासूबाय म्हनल्या, हिला सोताचं नाक पुसता येत न्हाई. पोर वय इचारतं व्हय? बाई का बाप्या ते बी इचारत न्हाई. त्याला भूक लागती, एवढंच."

संध्याकाळी मी अक्काला सांगितलं, मुलगी इथेच राहील. "एका पोरटीच्या सांगण्यावरून?" एवढंच ती म्हणाली. दोन दिवसांनी एकटी पुण्याला गेली. पुढे कित्येक महिने तिचा फोन आला नाही.

मग माझी शिकवणी सुरू झाली. पाणी कोपराने बघायचं, पायांवर कसं निजवायचं, ढेकर निघाल्याशिवाय आडवं का करायचं नाही. मी चुकलो की ती खो-खो हसायची, आणि हसता हसता हात धरून बरोबर करून दाखवायची. मी शाळेत गेलो की मुलगी वर तिच्याकडे. दोन्ही पोरं एका दुधावर वाढत होती. मुलगी चार महिन्यांची झाली, पालथी पडू लागली. शाळेच्या दप्तरात मी लंगोट घेऊन फिरत होतो आणि त्याची लाज वाटेनाशी झाली होती.

गल्लीत मात्र कुजबुज वाढली. सर एकटे, ती एकटी, दार उघडं. ते तिसगावपर्यंत पोचलं. एका रविवारी सासू आली ती थेट माझ्या दारात. आवाज चढवला नाही. "सर, तुमी शिकलेलं मानूस. लोकं लई बोलतात. आता तुमीच सांगा, काय करावं?"

तेव्हा सांगायला हवं होतं, की हिने माझी मुलगी जगवली; माझ्यातला बाप हिने उभा केला; लोकांना काय बोलायचं ते बोलू द्या. पोरटी जिन्यात उभी होती, मुलाला घेऊन, ऐकत. मी म्हणालो, "तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही ठरवाल ते योग्य."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत सामान चढलं. ती खाली आली, माझ्या मुलीला दोन्ही हातांत धरून म्हणाली, "मी चाललीय. परत यील का न्हाई, ठावं न्हाई." मग तिला माझ्याकडे दिलं. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होतो. तिने मागे पाहिलं नाही.

सात वर्षं झाली. मुलगी दुसरीत आहे. आमच्याकडे फारसं कोणी येत नाही, आम्हीही जात नाही. मधल्या काळात तिसगावला जायला अनेकदा निघालो आणि अनेकदा थांबलो. गेल्या मे महिन्यात मात्र मुलीला घेऊन तिसगावच्या एसटीत बसलो. घर विचारत विचारत गेलो. सासू ओट्यावर एकटीच बसली होती, बरीच थकलेली. सुवर्णा, जिला आम्ही पोरटी म्हणायचो ती, नवऱ्याबरोबर लांब, क्वार्टरमध्ये राहते म्हणाली. खुशाल आहे. मुलगा तिसरीत गेला. तिथला नंबर तिने दिला नाही, मीही मागितला नाही.

म्हातारीने माझ्या मुलीला जवळ ओढलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला. "सुवर्णीच्या दुधाची ती हीच का?"

"व्हय," मी म्हणालो. आणि मग तेव्हा दारात उभं राहून जे बोलायचं होतं, ते सगळं त्या ओट्यावर बसून बोललो.

"मी बी सोळाव्या वर्साला आई झाले. मला बी लोकांनी लई नावं ठिवली," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "हे तवा बोलायचं हुतं, सर. मला न्हाई. तिच्याम्होरं."

चहा घेऊन आम्ही उठलो. स्टँडवर परतीच्या गाडीला वेळ होता. बाकावर आम्ही दोघंच होतो. मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

मी म्हणालो, "घाबरलो होतो."