तीन दिवे साहेब

साहेबांच्या पायाला भिंगरी होती, हे घरात सगळ्यांना मान्य होतं. जेवतानाही टेबलाखाली त्यांची टाच हलत असायची. बायको म्हणायची, माझं लग्न माणसाशी कमी आणि येरझाऱ्यांशी जास्त झालंय. हवाई दलात ते चढत चढत एअर मार्शल झाले, पण खुर्ची काही त्यांना मानवली नाही. बैठकीत बसले की नजर खिडकीबाहेर. अधूनमधून विमान उडवायला मिळायचं, तेवढ्यासाठी बाकीचे दिवस ते कसेबसे ढकलायचे.

दलात त्यांना मागून 'तीन दिवे' म्हणत. विमान उतरवताना चाकं खाली आली की पायलटसमोर तीन हिरवे दिवे लागतात. साहेबांची शिकवण अशी, की चाकांच्या दांड्यावर हात ठेवायचा, दिवे डोळ्यांनी बघायचे आणि मगच मोठ्याने म्हणायचं, "चाकं खाली, तीन हिरवे." न बघता जो बोलेल त्याचं उड्डाण बंद. एकदा दलातच पायलट असलेल्या त्यांच्या सख्ख्या मेहुण्याने ही चूक केली. साहेबांनी त्याचं उडणं थांबवून त्याला कायमचा टेबलावर, कागदी कामाला बसवला. मेहुण्याने गयावया केली, बायकोने अबोला धरला, साहेब बधले नाहीत. तेव्हापासून मेहुणा बहिणीच्या घराची पायरी चढला नव्हता.

त्या सकाळी आभाळ अगदी मोकळं होतं. पुढच्या सीटवर साहेब, मागे एक तरुण पायलट मुलगी. उतरताना साहेब खणखणीत आवाजात म्हणाले, "चाकं खाली, तीन हिरवे."

मागून शांतपणे उत्तर आलं, "साहेब, चाकं वरच आहेत."

एकही दिवा लागलेला नव्हता. त्यांचा हात दांड्याकडे गेलाच नव्हता. इतकी वर्षं ते वाक्य पोरांच्या गळी उतरवता उतरवता त्यांच्या स्वतःच्या तोंडाला त्याची सवय जडली होती, आणि तोंड आता डोळ्यांसाठी थांबत नव्हतं. त्यांनी विमान पुन्हा वर घेतलं, एक फेरी मारली आणि नीट उतरवलं.

खाली आल्यावर ती मुलगी म्हणाली, मी काही ऐकलं नाही. तिने ते आदरानेच म्हटलं, म्हणूनच त्यांना जास्त झोंबलं.

घरी आल्यावर दुपारभर साहेब दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फिरत राहिले. गप्प बसलं तर निवृत्तीपर्यंत आणखी थोडं उडता आलं असतं. तेवढंही गेलं तर या चार भिंतींत आपलं काय होईल, याची त्यांना चक्क भीती वाटत होती. बायकोने दोनदा चहा गरम करून आणला, दोनदा तो गार झाला.

शेवटी त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"मी आज तेच केलं," ते म्हणाले. "तू केलं होतंस ते."

मग मेहुण्याने विचारलं, "कोणी पाहिलं?"

"मागच्या सीटवरच्या मुलीने. ती बोलणार नाही."

"मग?"

"मग काय, माझं उड्डाण बंद. वर कळवतोच आहे. म्हटलं, आधी तुला सांगावं."

"सुरुवातीला टेबलावर फार जड जातं, भावोजी," मेहुणा म्हणाला. "पाय हलत राहतात. येऊ का मी?"

साहेब चालता चालता थांबले. शेजारी उभं राहून ऐकणाऱ्या बायकोने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि भावाला म्हणाली, "जेवायलाच ये."